साताऱ्याला दोन ‘टी’

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे झगडत राहिले. हा माणूस ऑनलाइन सूचीत शोधायला बसावे, तर पहिलीच ठेच स्पेलिंगची लागते. त्या काळच्या छापील इंग्रजी कागदांत ‘रंगो’ लिहिताना ‘ए’च्या जागी ‘यू’ आहे, बापूजींचे ‘बापोजी’ झाले आहे, साताऱ्यात एका ‘टी’ऐवजी दोन आहेत आणि खुद्द महाराज ‘पर्ताब शीन’ म्हणून वावरतात!

सर्च बॉक्सला इतिहास येत नाही. त्याला अक्षरे तेवढी कळतात, आणि ती साहेबाच्या कारकुनाने ऐकू आली तशी लिहिलेली. शिंद्यांची ‘सिंदिया’पासून पुढे किती रूपे व्हावीत! १८५७ चे कागद ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणून शोधणाऱ्यानेही आधी ‘म्युटिनी’ हा शब्द गिळलेला बरा.

राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५ मध्ये सुरू झाले आणि दिल्लीला जाण्याआधीच तिथल्या फायलींची शीर्षके घरबसल्या चाळता येऊ लागली. ही सोय लहान नाही. पण मुरलेला संशोधक नावावर अडून बसत नाही. तो खाते धरतो, शाखा धरतो, महिना धरतो आणि शेजारच्या फायली बघतो. नावाने हुलकावणी दिलेला कागद असा शेजारी सापडतो. आणि सापडताच त्याचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि जगभरच्या संशोधकांची सूचीच काही महिने बंद पडली. तेव्हा कामाला आली ती जुनी वही.

खरे दुखणे घरचे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले आणि आजही अनेक तळटिपा त्याच खंडांपाशी थांबतात. हल्ली स्कॅनिंगचा उत्साह मोठा असतो. स्कॅनिंग हवेच, पण आत काय आहे हे न नोंदवता काढलेली छायाचित्रे म्हणजे रुमालाची गाठ न सोडता त्याला दुसऱ्या कपाटात ठेवणे. यादी करणे हे कंटाळवाणे काम, त्याचे उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. म्हणूनच बहुधा ते मागे पडते.

सरकारने मोडी वाचणाऱ्या तरुणांना नेमून, रीतसर पगार देऊन आधी हेच काम करून घ्यावे. प्रत्येक रुमालामागे गाव, साल, माणसे आणि विषय एवढे मराठीत नोंदवले तरी पुष्कळ. सुरुवात एका जिल्ह्यापासून झाली तरी चालेल, फक्त त्या यादीत साताऱ्याची दोन्ही स्पेलिंगे असू द्यावीत.