पाणपोईचा रांजण

वैशाखात हिंगोलीच्या बाजारात उभं राहिलं की माणसाला दोनच गोष्टी खऱ्या वाटतात: एक सूर्य आणि दुसरी पाणपोई. पाणपोईवर कुणी पैसे मागत नाही. दोन पेले घशात ओतून, तिसरा डोक्यावर रिकामा करून आपण चालू लागतो. पहाटे हा रांजण कोण भरतो, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. तो पडतो रांजण कोरडा निघाल्यावर. आणि मग त्या न पाहिलेल्या माणसाचा आपण यथास्थित उद्धार करतो!

आमच्या ओळखीचे एक हळदीचे अडते आहेत. त्यांचा सगळा जमाखर्च ‘लिबरऑफिस’वर चालतो. २०१० पासून जगभरची माणसं ते घडवताहेत आणि त्यामागची बर्लिनची संस्था देणग्यांवर चालते. मी म्हटलं, “काका, वर्षाला शे-पाचशे पाठवा की त्यांना.”

“फुकट आहे म्हणून तर घेतलं ना भाऊ! त्यांनी मागितले का?”

मागतात. देणगीची पाटी समोर येते. पण वर्गणीवाली पोरं दिसताच दार लावायची आपली सवय जुनी!

इंग्रजांची अडचण मी समजू शकतो. त्यांच्याकडे ‘फ्री’ हा एकच शब्द. म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना वर्षानुवर्षं सांगावं लागलं, की बाबांनो, प्रश्न स्वातंत्र्याचा आहे, किमतीचा नाही. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन शब्द असूनही आपल्याला दुसराच तेवढा वाचता येतो.

‘ओपनएसएसएल’चंच बघा. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त राखण्याचं काम त्याचं. २०१४ साली त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा उघड झालं की बड्या बड्या कंपन्या ज्याच्या जिवावर निर्धास्त होत्या, त्याला वर्षाकाठी देणगी मिळे सुमारे २००० डॉलर! रांजणाला तडा गेल्यावर मग कंपन्यांनी घाईघाईनं वर्गणी काढली.

कायद्यानं एक पै लागत नाही, कबूल. विद्यार्थ्यानं खुशाल फुकट प्यावं; पाणपोई त्याच्यासाठीच असते. पण ज्याचा गल्लाच या पाण्यावर भरतो, त्यानं एखादी घागर ओतायला काय हरकत आहे? औंढ्याला नागनाथापुढे आपण नाणं टाकतोच. आणि देवाला तर कॉम्प्युटरसुद्धा दुरुस्त करायचे नसतात!

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पटलं. तुमची पावती दाखवा बघू.”

त्या रात्री ५०० रुपये पाठवून मगच मी हा लेख लिहायला घेतला.