कोटाची बाही काय सांगते?

बालमित्रांनो, लातूर जिल्ह्यातला उदगीरचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नांदेडकरांनो, पाहिला नसेल तर सहलीला जरूर जा. १७६० च्या फेब्रुवारीत याच भागात सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला हरवलं. भाऊंच्या बाजूनं इब्राहिमखान गारदी लढत होता. गंमत म्हणजे तो आधी निजामाकडेच होता आणि फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झाला होता! गारदी म्हणजे कवायती पायदळ. रांगेत उभं राहायचं आणि हुकूम सुटला की सगळ्यांनी एकदम बंदुका झाडायच्या.

पण त्या काळच्या दारूचा धूर भारी दाट. चार बार झाले की समोरचं दिसेना. मग आपला कोण नि परका कोण?

युरोपात यावर उपाय होता गणवेशाचा. इंग्रजांचं पायदळ लाल कोट घाली. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या मुळ्यांनी रंगवलेला. साहेबाचा झगझगीत लाल मात्र किड्यांपासून काढलेल्या महागड्या रंगाचा. शिपायाच्या पगारातून कपड्यांचे पैसे कापून घेत, ते वेगळंच!

आता सगळेच लाल, तर पलटण कोणती हे कसं कळायचं? कोटाला आतून वेगळ्या रंगाचं अस्तर असे. बाह्यांची टोकं आणि छातीवरच्या कडा उलट्या दुमडल्या की ते बाहेर दिसे. त्यावरून पलटण ओळखायची. पलटणीच्या निशाणाचं कापडही बहुधा त्याच रंगाचं.

तेव्हा पलटणीला तिच्या मुख्य सरदाराचं नाव असे. १७४४ च्या सुमारास दोन पलटणींचे सरदार निघाले हॉवर्ड! वर्गात दोन पवार असले की तुम्ही 'उंच पवार', 'बुटका पवार' करताच की. (गुरुजींना ते आवडत नाही, हे लक्षात असू द्या.) तसेच हिरव्या बाह्यांचे झाले 'ग्रीन हॉवर्ड्स' आणि फिकट पिवळसर बाह्यांचे 'बफ हॉवर्ड्स'. त्यातलं 'ग्रीन हॉवर्ड्स' हे नाव थेट २००६ पर्यंत चाललं.

आपल्याकडे कंपनी सरकारच्या देशी शिपायांनाही लाल कोट मिळाला. वर विलायती लोकरीचा कोट, खाली मांडीपर्यंतचा जांघ्या आणि पायात चपला! मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन आठवा, म्हणजे त्या कोटात काय होत असेल ते कळेल.

आता एक काम. या लग्नसराईत बँडवाल्यांचे कोट नीट निरखा. कॉलर आणि बाह्यांचा रंग बाकीच्या कोटाहून वेगळा दिसतो का? दिसला तर कोणत्या गावचा बँड आणि कोणता रंग, ते मला पत्रानं कळवा.