एकाहत्तरची लढाई कोणत्या मिगमधून?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. आता हे विमान चालवायची हौस भागवायची तर संगणकावरच. ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये ते २०१४ पासून आहे, आणि फार मेहनतीने बनवलेलं आहे. इंजिन सुरू करायचं तरी कॉकपिटमधली बटणं ठरल्या क्रमानेच दाबावी लागतात.

मात्र एखाद्या पोराने जॉयस्टिक जोडून १९७१ ची लढाई खेळायला घेतली, तर त्याच्या हाती येतं ते मिग-२१ चं नंतरचं रूप, ‘बिस’. एकाहत्तरच्या डिसेंबरात भारताकडे बिस नव्हतंच. लढलं ते त्याआधीचं रूप, ‘एफएल’.

फरक नुसता नावाचा असता तर सोडून देता आला असता. बिसच्या पोटात २३ मिलिमीटरची तोफ कायमची बसवलेली असते आणि पंखांखाली शस्त्रांसाठी चार जागा असतात. एफएलला अंगची तोफ नाही, पंखांखाली जागा दोनच. तोफ हवी तर ती वेगळ्या खोक्यात घालून पोटाखाली टांगायची. पण जादा इंधनाची टाकी लावायची जागाही नेमकी तीच! म्हणजे तोफ घेतली की टाकी गेली, टाकी घेतली की तोफ गेली. उड्डाणाआधीच एक निर्णय घ्यावा लागे, आणि तो हवेत बदलता येत नसे. बिस घेणाऱ्याला हा पेच पडतच नाही.

१२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं, ते याच टांगलेल्या तोफेने. दोन दिवसांनी ढाक्यात गव्हर्नरच्या निवासस्थानावर ५७ मिलिमीटरची रॉकेटं सुटली, तीही एफएलमधूनच.

इंजिनाचं अंतर तर आणखी मोठं. एफएलचा जोर आफ्टरबर्नर लावून सहा टनांच्या आसपास. बिसचा सात टनांच्या आसपास, आणि कमी उंचीवर आणीबाणीच्या वेळी तीनेक मिनिटं जवळजवळ दहा टन. एवढी ताकद हाताशी असली की वळताना वेग घालवण्याची चूक खपून जाते. एफएलच्या वैमानिकाला ती खपवून घेता येत नव्हती.

महाराष्ट्राला तर हा फरक ठाऊक असायलाच हवा. कसारा घाट चढून नाशिक ओलांडलं की ओझर. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आधी एफएल, मग एम, मग बिस अशी तिन्ही मिग बनली. कच्च्या मालापासून तयार झालेलं पहिलं एफएल १९७० मधलं, म्हणजे युद्धाच्या जेमतेम वर्षभर आधीचं. पुढे बिसचं ‘बायसन’ करण्याचं बरंचसं कामही ओझरलाच झालं. ते नवा रडार आणि नवी क्षेपणास्त्रं घेऊन आलं. एकाहत्तरशी त्याचा काही संबंध नाही.

सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी बिस निवडलं यात नवल नाही, ते जगभर उडालं. तरी एफएल यायला हवं. तोवर घरच्या घरी पथ्य पाळता येईल: पंखांखाली दोनच क्षेपणास्त्रं, तीही जुनी के-१३, तोफ वापरायची तर पोटाखाली टाकी नाही, आणीबाणीच्या जोराला हात लावायचा नाही. एवढं करूनही इंजिन बिसचंच राहणार, पण निदान टाकी की तोफ हा प्रश्न उड्डाणाआधी पडेल.