उत्तराचं पान मिटून ठेवा

आपल्या वस्तीतली सात-आठ पोरं सध्या सीएच्या फाउंडेशनची तयारी करतायत. मीही त्यातलाच. दहावी करून गोदीत लागलो, आता १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी देतोय. फाउंडेशनची नोंदणी दहावीवर होते, पेपरला मात्र बारावी दिल्याशिवाय बसू देत नाहीत. तर सांगायचं ते असं, की आपण करतो तो बराचसा अभ्यास खोटा आहे. राग येईल. येऊ द्या.

खोटा कसा? जुने पेपर, रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट पेपर, सगळ्यांची उत्तरं, हे सगळं इन्स्टिट्यूट फुकट देते. पोरं मोबाइलवर उघडतात. प्रश्न वाचतात, दोन ओळी खरडतात, अडलं की खाली सरकून उत्तर बघतात आणि मान डोलवतात, 'हां, येतच होतं मला.' काय येत होतं, कपाळ? दुसऱ्यानं लिहिलेलं वाचता येत होतं. मी स्वतः तीन महिने हेच केलं. मग एका रविवारी मोबाइल बहिणीकडे दिला, घड्याळ समोर ठेवलं आणि पहिला पेपर अख्खा लिहिला. १०० पैकी २७.

ऐकून मान डोलवायची विद्या आपली नव्हेच. ज्यांनी पाठांतराला ज्ञान म्हटलं आणि हाताच्या कामाला विटाळ, त्यांची ती. आपल्या बापजाद्यांना जे आलं ते करून आलं. गोणीला हुक कुठं मारायचा हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. पहिल्या दिवशी गोणी फाटली, आईवरून शिव्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी कमी फाटली. हिशोबाचं तेच आहे.

एक प्रश्न सांगतो. नवं यंत्र बसवायला मजुरी दिली ९,००० रुपये. कारकुनानं ती मजुरी खात्याला नावे टाकली. चूक दुरुस्त करा. मी बेधडक लिहिलं, चूक नाहीच, मजुरी ती मजुरी. चुकलो. बसवण्याची मजुरी यंत्राच्या किमतीत धरतात. यंत्र खातं नावे, मजुरी खातं जमा. हा नियम मी चारदा वाचलेला होता. कळला चुकल्यावर. आणि कळला तेव्हा पेन खाली ठेवून बसलो. म्हणजे यंत्र मी उभं करायचं, माझा घाम मालकाची मालमत्ता होऊन ताळेबंदात जाऊन बसणार, त्यावर तो वर्षानुवर्षं घसारा काढणार, आणि मी संध्याकाळी नोटा मोजून घरी. इतकं साफ मला कुठल्याच भाषणात कळलं नव्हतं.

पुढं ऐका. ही चूक तशीच राहिली तरी तेरीज जुळते. ९,००० नावे बाजूला पडायचे ते पडलेलेच असतात, फक्त भलत्या खात्यात. तत्त्वाची चूक तेरजेला सापडत नाही. दोन्ही बेरजा सारख्या, खाली दोन रेघा, सगळं कसं छान. या देशाची तेरीज अशीच जुळवून दाखवतात साले.

आता पेपराचं. पहिला पेपर लेखाशास्त्राचा, दुपारी २ ते ५. रात्रपाळी केलेल्याची नेमकी झोपेची वेळ, म्हणून सरावही त्याच वेळेला करायचा. पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले चार. पहिल्यात सहा विधानं, चूक की बरोबर ते कारणासकट, दोन-दोन गुण. आपली पोरं 'चूक' लिहून मोकळी होतात. कारण लिहायला हात चालत नाही, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा नाहीतर हिंदीत. मराठीची सोय नाही. रोजकीर्द, खतावणी हे शब्द तोंडात असून उपयोग काय? त्या दोन ओळी इंग्रजीतून पन्नासदा हातानं लिहाव्या लागतात, दुसरा इलाज नाही. तिसऱ्या-चौथ्या पेपरात पर्याय निवडायचे, चुकला की पाव गुण कापतात. अंदाजपंचे ठोकणाऱ्याला दंड. प्रत्येक पेपरात ४० लागतात आणि चारांत मिळून ५० टक्के. चारही पेपरांत चाळीस-चाळीस घेणारा नापास होतो, हे कित्येकांना नापास झाल्यावर कळतं.

ज्याचा बाप सीए, त्याला हे जेवता जेवता कळतं. आपल्या ताटावर हा विषय निघत नाही. जुने पेपर हेच आपलं घराणं.

चळवळीतले काही मित्र मला हसतात. म्हणतात, सीए म्हणजे मालकाचा मुनीम, तू कवी माणूस, तिकडं कुठं? मित्रांनो, १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. १८७९ साली कायदा आला, रयतेला पावती आणि हिशोब मागायचा हक्क मिळाला. मिळाला, पण तो हिशोब वाचणार कोण? बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला. त्यांचे पुतळे आपण उभे केले आणि त्यांची कोष्टकं विसरलो. गेल्या पावसाळ्यात मी मुकादमाकडे टोळीच्या मजुरीचा कागद मागितला आणि तिथंच बेरीज मांडली. दोन दिवसांचा ओव्हरटाइम गायब. १४ माणसांचा. कविता म्हणून तो परत मिळाला नसता.

तर आम्ही असं ठरवलंय. दर रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत २ ते ५. मोबाइल दाराशी पिशवीत. उत्तरं पाकिटात, पाकीट शेजारच्या मावशींकडे. त्यांना वाचता येत नाही, पण पाचच्या आत मागितलं तर देत नाहीत. पाचला फोडायचं, एकमेकांचे पेपर तपासायचे, दोस्तीखात्यात गुण द्यायचे नाहीत. चुकलेलं वेगळ्या वहीत, तारीख घालून. तोच प्रश्न आठवड्यानं पुन्हा, कोऱ्या कागदावर.

गेल्या रविवारी मला ४१ मिळाले. बँक जुळवणीत अजून घसरतो. येणाऱ्यानं पेन, पट्टी आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन यावं.

जय भीम.