सीएसचे दोनशे गुण जातात कुठे?

दहावीचा निकाल लागलेल्या कुठल्याही घरात विचारा, बारावी सायन्सला बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स का घ्यायचं? उत्तरं ठरलेली असतात. स्कोअरिंग आहे. बायोलॉजी सुटते. दुसऱ्या भाषेची कटकट नाही. संगणक आवडतो म्हणून घेतोय, असं सांगणारं मूलही असतं, पण त्याचं उत्तर कोणी फारसं मनावर घेत नाही. ‘सीएस’ हा विषय एकटा दोनशे गुणांचा. त्याच्यासाठी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय असे दोन सोडावे लागतात. महाराष्ट्रातली कितीतरी हुशार मुलं दहावीनंतर मराठीचा पेपर कायमची सोडतात, त्यामागे हेही एक कारण आहे. भाषेच्या भवितव्यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी कधीतरी इकडेही बघावं.

बारावीच्या एकूण सहाशेपैकी हे दोनशे गुण. म्हणजे तिसरा हिस्सा. आणि याच मुलांना पुढे हवं असतं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. तिथे या दोनशे गुणांची किंमत किती? गुणवत्ता यादीत शून्य.

पात्रतेच्या नियमात संगणकाचं नाव आहे, हे खरं. भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं, तिसऱ्या विषयाच्या यादीत रसायनशास्त्राच्या जोडीला संगणकशास्त्र आणि आयटीही बसतात. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२१ मध्ये चौदा विषयांची यादी काढली होती आणि त्यातले कुठलेही तीन चालतील असं म्हणून केवढा गदारोळ ओढवून घेतला होता! गणिताशिवाय इंजिनीअर कसा होणार, असं सगळ्यांनी विचारलं आणि ते योग्यच होतं. पण पात्रता म्हणजे उंबरठा. कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच, हे ठरवते राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी. तिथे गणिताचे शंभर गुण, भौतिकचे पन्नास, रसायनचे पन्नास. संगणकाचा एकही प्रश्न नाही. बारावीला रसायनऐवजी संगणक घेऊन पात्र ठरलेल्या मुलालासुद्धा सीईटीत पन्नास गुणांचं रसायन सोडवावंच लागतं. कॉम्प्युटरचा कट-ऑफ नव्याण्णव पर्सेंटाइलच्या पुढे गेलेल्या कॉलेजांत दशांश चिन्हानंतरचे आकडे लढतात, आणि ते आकडे ऑल्डॉल आणि कॅनिझारो अभिक्रिया किती पाठ आहेत यावरही ठरतात. रसायनशास्त्राशी माझं वैर नाही. पण कोड लिहिणाऱ्याची निवड करताना एक चतुर्थांश गुण तिकडे आणि संगणकाला काहीच नाही, ही वाटणी विचार करून कोणी केली असेल असं वाटत नाही. ती केमिकल, मेकॅनिकल, सिव्हिल, सगळ्यांना एकच माप लावण्यातून आली आहे.

तर मग सीएसचे गुण धरायला सुरुवात करायची का? आहे त्या विषयाचे आहेत तसे गुण धरू नयेत, असं माझं मत आहे.

प्रॅक्टिकलची परीक्षा बघा. दोनशेपैकी शंभर गुण तिथले. टर्बो सी++ ची निळी खिडकी उघडलेली, बाजूला तपासून सही झालेलं जर्नल. चिठ्ठीत बबल सॉर्ट आला की मुलगी तो प्रोग्राम एका दमात उतरवते, कारण तो तिने पाठ केलेला आहे, स्वल्पविराम-अर्धविरामांसकट. पहिल्या ओळीतली ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही हेडर फाइल १९९८ च्या सी++ प्रमाणातच वगळली गेली. आजच्या कंपायलरला हा प्रोग्राम दिला तर तो पहिल्याच ओळीवर अडतो. दुसऱ्या पेपरात आठ-शून्य-आठ-पाच हा मायक्रोप्रोसेसर. इंटेलने तो आणला १९७६ मध्ये. मूलभूत रचना समजायला जुनी चिप चांगली, हा शिक्षकांचा युक्तिवाद मला मान्य आहे, पण तिचा सूचनासंच पाठ करून घेणं म्हणजे रचना समजावणं होत नाही. याच राज्य मंडळाचा आयटी हा विषय बघितला तर आश्चर्य वाटतं. त्यात जावास्क्रिप्ट आहे, पीएचपी आहे, ई-कॉमर्स आहे, ऐंशी गुणांची परीक्षाही ऑनलाइन होते. तो सुधारता येतो, मग सीएस का नाही?

शिवाय बोर्डाचे गुण सरळ प्रवेशाच्या यादीत मिसळले तर काय होतं ते केरळने पाहिलं आहे. तिथे इंजिनीअरिंगच्या यादीत प्रवेश परीक्षेचा निम्मा वाटा आणि बारावीच्या गुणांचा निम्मा. बारावीला रसायन नसेल तर संगणकशास्त्राचे गुण धरले जातात, म्हणजे मी पुढे सुचवणार आहे त्याच्या जवळचंच काहीतरी. पण राज्य मंडळ आणि सीबीएसई यांचे गुण एका पातळीवर आणायचं सूत्र हा तिथला कायमचा वाद. २०२५ मध्ये सरकारने हे सूत्र ऐन निकालाच्या तोंडावर बदललं आणि जुलैत उच्च न्यायालयाने ती यादीच रद्द केली. आपल्याकडे तर प्रॅक्टिकलचे शंभर गुण त्यात पडतील. ते गुण किती सढळ हाताने दिले जातात, हे शिक्षकांना विचारायची गरज नाही, पालकांनाच माहीत असतं.

म्हणून मार्ग सीईटीतून काढावा. कॉम्प्युटर, आयटी, एआय अशा शाखांसाठी रसायन किंवा संगणक, दोन्हीपैकी एक पन्नास गुणांचा विभाग निवडण्याची मुभा द्यावी. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीत संगणकशास्त्र हा स्वतंत्र विषय आहेच. आपल्याच बीसीए-बीबीएच्या सीईटीत शंभरपैकी पंधरा प्रश्न संगणकाच्या प्राथमिक माहितीवर असतात. मात्र इंजिनीअरिंगला कीबोर्डवरची बटणं विचारून भागणार नाही. दहा ओळींचा कोड द्या आणि त्याचं उत्तर काय येईल ते विचारा, चूक कुठे आहे ते विचारा. असा प्रश्न पाठांतराने सुटत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गावाकडून येईल. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या ज्युनिअर कॉलेजात सीएसची तुकडीच नसेल तर तिथल्या मुलाने काय करायचं? शहरातही ही तुकडी बऱ्याचदा विनाअनुदानित, फी वेगळी. म्हणूनच मी जादा गुण किंवा वेटेज म्हणत नाही, पर्याय म्हणतोय. ज्याला रसायन जमतं त्याचं काहीच बिघडत नाही. दोन वेगळ्या विषयांचे पर्सेंटाइल एका तराजूत तोलणं अवघड आहे, हा आक्षेपही खरा आहे. सीएस निवडणारी मुलं मुळात वेगळ्या गटातली असतील, आणि या अडचणीवर माझ्याकडे चोख उत्तर नाही. निदान गणिताचा वाटा निम्मा आहे तोवर फार मोठी उलथापालथ होणार नाही, इतकंच.

केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राच्या पदवीला शाळेतलं संगणकशास्त्र लागत नाही, गणित लागतं, हा दाखला कोणीतरी देईलच. बरोबर आहे. पण तिथे रसायनाचीही सक्ती नाही.

क्लासवाल्यांचं म्हणाल तर ते वर्षभरात सीएसची बॅच काढतील, त्यांची चिंता नको. चिंता अभ्यासक्रमाची. तो आधी बदलला पाहिजे, शिक्षकांना शिकायला वेळ मिळाला पाहिजे, आणि आज अकरावीला नाव घातलेल्या मुलाला त्याची सीईटी कशी असेल हे आजच कळलं पाहिजे. नवा विभाग आणायचा तर तो दोन वर्षं आधी जाहीर करा. केरळसारखा निकालाच्या तोंडावर नको.