नात्यातले पालकत्व

आई-वडिलांचे छत्र हरपलेले मूल बालगृहाच्या दारात जाण्यापूर्वी बहुधा कोणा नातलगाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते. आजी, आजोळचा मामा, थोरले काका, एखादी एकटी आत्या. शिरोळ-हातकणंगल्यापासून मिरजेपर्यंतच्या पट्ट्यात अशी घरे शोधावी लागत नाहीत. घरात आजी असताना मुलांना ‘अनाथ’ म्हटलेले या घरांना खपत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या अभिमानाची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. मूल संस्थेत असले की त्याच्यामागे अधीक्षक असतो, नोंदवही असते, अनुदान असते. मूल आजीजवळ असले की त्याच्यामागे फक्त आजी असते.

या आजीच्या पाठीशी उभे राहणे हेच ज्यांचे काम, त्या समाजकार्यकर्त्यांविषयी फारसे लिहिले जात नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी किंवा बालसंगोपन योजना राबवणाऱ्या एखाद्या स्वयंसेवी संस्थेशी जोडलेली ही मंडळी दुचाकीवरून गावोगाव गृहभेटी करीत फिरतात. त्यांच्या हातून जे कागदावर उतरते त्याला ‘गृहचौकशी अहवाल’ म्हणतात. खरे काम त्या अहवालाच्या अलीकडे आणि पलीकडे असते.

कागदपत्रांचे काम मात्र टाळता येत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी हीच रक्कम १,१०० होती. त्यासाठी मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक एवढे जुळवून बाल कल्याण समितीचा आदेश मिळवावा लागतो. समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. मुलाला घेऊन तिथवर जाणे म्हणजे आजीचा शेतातला एक रोज बुडणे. शाळेत मुलाचे नाव एक आणि आधारवर दुसरे असले की तो रोज दोनदा बुडतो. म्हणून चांगली कार्यकर्ती पहिल्या भेटीत फॉर्म काढीतच नाही. ट्रंकेतली सगळी कागदे सतरंजीवर पसरायला सांगते आणि नावांच्या चुका आधी शोधते. हप्ता नेहमी वेळेवर पडतोच असे नाही, हेही ती आरंभीच सांगून टाकते. खोटी आशा दाखवणाऱ्याला त्या घरात पुढल्या वेळी चहा मिळत नाही.

कोविडच्या काळात या घरांकडे एकदा सर्वांचे लक्ष गेले होते. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाने २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली, आणि ते उचितच झाले. मात्र ज्याचे आई-बाप रस्त्यावरच्या अपघातात किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने गेले, त्याचे पोरकेपण काही कमी नसते. त्याच्यासाठी उरते ती नेहमीची योजना आणि ती समजावून सांगणारे एखादे माणूस.

पैशापेक्षा अवघड प्रश्न अधिकाराचा आहे, आणि तो सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ हा कायदा जैनांनाही लागू आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून आई-वडीलच येतात. आजी-आजोबा येत नाहीत. नातवाला दहा वर्षे सांभाळले तरी कायद्याने पालक व्हायचे असेल तर १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाखाली न्यायालयात अर्ज करावा लागतो. सातबाऱ्यावर अज्ञान मुलापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून आजोबांचे नाव लागले, म्हणजे मुलाच्या वाट्याची जमीन विकण्याचा अधिकार मिळाला, असा समज गावोगाव आढळतो. तो चुकीचा आहे. ओघाने आणखी एक गोष्ट: संसाराचा पूर्णपणे त्याग करून यती वा संन्यासी झालेली व्यक्ती या कायद्यानुसार नैसर्गिक पालक म्हणून वागण्यास पात्र राहत नाही. ज्या घरातून कोणी दीक्षा घेतली आहे आणि मागे अज्ञान मूल आहे, त्या घराने हे कलम एकदा वकिलाकडून समजून घ्यावे.

वडील गेले आणि आईने पुन्हा लग्न केले, अशी घरे या कामात सर्वांत नाजूक ठरतात. केवळ पुनर्विवाहाने आईचे पालकत्व संपत नाही. बँकेत, पारपत्रासाठी, रुग्णालयात तिची सही लागू शकते. आणि इकडे आजीने तर तिचे नाव घरात उच्चारायचे नाही असे ठरवलेले असते. शिरोळ तालुक्यातील अशाच एका घरी कार्यकर्तीने सहा महिने त्या सुनेचा विषयच काढला नाही. आजीने मुलगा गमावला होता. तिच्या रागाखाली ते दुःख होते, आणि त्यावर कोणी बोललेच नव्हते. आठ वर्षांच्या नातीला “बाबा पुण्याला नोकरीला आहेत” असे सांगून ठेवले होते. शाळेतल्या मुलांनी तिला खरे काय ते केव्हाच सांगितले होते. आजीला वाईट वाटेल म्हणून ती मुलगीच गप्प होती. हे कळले तेव्हा आजी कितीतरी वेळ जोंधळे निवडीत बसून राहिली. मग म्हणाली, “बाई, तुम्हीच बोला तिच्याशी.” कार्यकर्ती म्हणाली, “आज्जी, बोलायचं तुम्हीच. मी शेजारी बसते.”

आईला फोन त्यानंतर दोन महिन्यांनी गेला. ती आली ती सही करायला, पण मुलीला भेटून गेली. आता सणाच्या आसपास एकदा येते. आजी तिच्याशी बोलत नाही; तिच्या पानात वाढते मात्र.

त्यानंतर उरला तो सर्वांत नकोसा प्रश्न. आजी अडुसष्ट वर्षांची आहे. नात सज्ञान होईल तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची असेल. “तुमच्यानंतर कोण?” हे विचारणे अपशकुनी वाटते, म्हणून नातलग ते टाळतात. आजीला वाटत होते की मृत्युपत्रात धाकट्या मुलाचे नाव घातले की झाले. पण मृत्युपत्राने पालक नेमण्याची मुभा कायद्याने आई-वडिलांना दिली आहे, आजीला नाही; ती आपली मालमत्ता तेवढी देऊ शकते. तेव्हा कार्यकर्तीने काका, आत्या आणि मामा या तिघांना एका रविवारी सोप्यात बसवले. काका जमिनीवर बोलले, मामा खर्चावर. आत्या उशिरापर्यंत गप्प होती. अखेर तिने विचारले की शाळा न बदलता मुलगी आपल्याकडे राहू शकेल का. इचलकरंजीहून गावाला सकाळची एस.टी. आहे.

कार्यकर्तीने वहीत तिचे नाव लिहिले, त्याखाली तिचा फोन क्रमांक, आणि काकांना विचारले की महिन्याला किती देणार, तो आकडा सांगा. मुलगी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला कोणी आत जायला सांगितले नाही.