हरण्याची गोडी



‘रोज हरायचं, रोज चिडायचं आणि जेवणं आटोपली की पुन्हा तेच घेऊन बसायचं! ह्यात गोडी ती कसली, बाई?’ व्हिडिओ गेमबद्दल हा प्रश्न पूर्वी मुलांच्या आया विचारायच्या. आता तो नवऱ्यांबद्दलही विचारला जातो. लहानपणी जे गेम अर्धवट राहिले, ते चाळिशी ओलांडल्यावर पुरे करायची हौस पुष्कळांना येते. घरात त्यावरून कुरबूर होते ती बहुधा एवढ्याचसाठी, की खेळणाऱ्याला त्यात काय मिळतं हे बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून आज असा एकच गेम आपण नीट पाहू. अवघड म्हणून नावाजलेला आणि तरीही जवळजवळ चाळीस वर्षं लोकांनी न सोडलेला.

त्याचं नाव ‘पंच-आउट’. मुष्टियुद्धाचा खेळ. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८४ साली तो नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रासाठी काढला. गेन्यो ताकेदा हे त्याचे कर्ते. पुढे १९८७ साली घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी तो नव्यानं केला आणि त्या वेळचा हेवीवेट विजेता माइक टायसन ह्याचं नाव त्याला दिलं. १९९० साली टायसनच्या जागी ‘मिस्टर ड्रीम’ नावाचा गृहस्थ उभा राहिला. चेहरा बदलला, ठोसे तेच!

आमच्याकडे हा खेळ आला तो भाच्याबरोबर. अमेरिकेहून येताना त्यानं २०१६ साली निघालेली निन्टेन्डोची छोटी पेटी आणली. तिच्यात जुने ३० गेम आधीच भरलेले असतात. दुपारी घर शांत असलं, की मी तोच एक लावते.

खेळाचा नायक लिटल मॅक. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला १७ वर्षांचा पोरगा, वजन १०७ पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठेचाळीस किलो. समोर एकेक डोंगर! मॅक इतका बुटका का, तर समोरचा माणूस आपल्याला डोक्यापासून कमरेपर्यंत स्वच्छ दिसावा म्हणून. त्या दिसण्यातच सगळं आहे, बरं का. ११ प्रतिस्पर्धी आणि १४ लढती, कारण तिघे जण दुसऱ्यांदा भेटतात. पहिला ग्लास जो हा फ्रान्सचा. त्याच्या नावावर एक विजय आणि ९९ पराभव! त्याला हरवून आपण फुशारतो, पण ती फुशारकी फार दिवस पुरत नाही.

नवखा माणूस काय करतो? बटणं बडवत सुटतो. तिथंच फसतो. पडद्यावर वर बदामाचं एक चिन्ह आणि आकडा असतो, तो मॅकचा दम. आपला ठोसा समोरच्यानं अडवला किंवा त्याचा आपल्याला बसला, की आकडा उतरतो. शून्य झाला की मॅक गुलाबी पडतो आणि त्याचा हातच उठत नाही. मग नुसतं इकडेतिकडे झुकून मार चुकवत राहायचं, तेव्हा कुठे दम परत येतो. थोडक्यात, आधी बघायचं, मग चुकवायचं आणि शेवटी मारायचं. हा क्रम मोडला की आपण आडवे.

बघायचं काय? प्रत्येक जण ठोसा मारण्याआधी काहीतरी खूण करतो. कुणाचे डोळे चमकतात, कुणाच्या भुवया हलतात. किंग हिप्पो नावाचा लठ्ठंभारती तोंड उघडतो. नेमका त्याच वेळी तोंडावर ठोसा दिला की त्याची चड्डी घसरते आणि ती सावरताना पोट मोकळं मिळतं. एकदा पडला की तो काही उठत नाही. तुर्कस्तानचा बाल्ड बुल बैलासारखा धावत अंगावर येतो. अचूक क्षणी पोटात एक ठोसा बसला की तिथंच कोसळतो. तो क्षण ओळखायला लोकांनी किती रात्री घालवल्या असतील! प्रेक्षकांमध्ये त्याच क्षणी एक कॅमेरा चमकतो, हे गुपित २००९ साली कंपनीच्या माणसांनी एका मुलाखतीत सांगितलं. म्हणजे तब्बल २२ वर्षांनी. खूण डोळ्यांसमोर होती आणि बहुतेकांचं लक्ष मात्र समोरच्या बैलावर.

आणि आपला एक गाववालाही ह्यात आहे! ग्रेट टायगर. पडद्यावर त्याचं गाव चक्क ‘बॉम्बे, इंडिया’ असं दिलेलं आहे. डोक्याला पगडी, पगडीत रत्न आणि अंगात जादू. अशी पगडी घालून सकाळच्या गर्दीत दादरला कुणी उतरून दाखवावं! गंमत सोडा, पण हे चित्र खरं नाही. भारत म्हणजे पगडी आणि जादूटोणा, ही परदेशातली जुनी समजूत आहे. ह्या खेळात सगळ्याच देशांची अशी सोंगं केलेली आहेत. मुलं शेजारी बसली असतील तर हे त्यांना एका वाक्यात सांगावं. मात्र खेळायला हा टायगर छान. ठोसा यायच्या आधी पगडीतलं रत्न लुकलुकतं. जादूनं गायब होऊन गरगर फिरत येतो तेव्हा मारायचा मोह आवरायचा आणि हात वर धरून सगळ्या फेऱ्या सोसायच्या. शेवटी त्यालाच भोवळ येते. मग एक ठोसा पुरतो.

आता चिडायचं कारणही सांगायलाच हवं, कारण ते खोटं नाही. शेवटच्या लढतीत गेमच्या घड्याळातल्या पहिल्या दीड मिनिटात टायसनचा खालून वर येणारा एक ठोसा बसला, की मॅक आडवा. ह्याला खेळ म्हणावं की छळ? डोळ्यांनी पाहून, मनानं ठरवून, मग बोट हलवावं इतकी सवडच नाही. बोटांनाच पाठ झालेलं असावं लागतं. पुष्कळ जण इथवर येतात आणि इथंच थांबतात. अंगठा दुखतो, डोकं तापतं आणि तो ताप जवळ असेल त्याच्यावर निघतो. ‘जरा आवाज कमी करा’ एवढं म्हटल्यावर घरात वीज कडाडते ती ह्या वेळी.

मग तरी माणूस परत का बसतो? मला वाटतं, हा खेळ कडक आहे पण लबाड नाही. आपण हरतो तेव्हा बहुतेक वेळा का हरलो ते कळतं. रत्न लुकलुकलं होतं, आपण पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला पाहू. त्यात दैव नाही, वशिला नाही आणि मुख्य म्हणजे टोमणा नाही. आपल्या घरात हरण्याला एवढी मोकळीक कुठे असते, सांगा बरं? आमटी एकदा खारट झाली की चार दिवस तिची आठवण निघते. मुलाला गणितात कमी मार्क पडले की पाहुण्यांसमोर उद्धार. ऑफिसातल्या माणसाचंही तेच, फक्त त्याचा साहेब वेगळा. हरल्यावर कुणी हिशेब न मांडता ‘ऊठ, पुन्हा बघ’ एवढंच म्हणावं, ही भूक सगळ्यांनाच असते. दुपारच्या अर्ध्या तासात मला ती पुरती कळली. नवरा रोज रात्री जे शोधत बसतो, ते टायसनला पाडणं नसून कदाचित हेच असेल.

म्हणून खेळ बंद पाडू नका, त्याला वळण लावा. त्यासाठी काही घरगुती सूचना.

एक. नव्या चपट्या टीव्हीवर बटण दाबलं आणि चित्र हललं ह्यांत किंचित अंतर पडतं. इतर वेळी ते जाणवत नाही, पण ह्या गेममध्ये तेवढ्यानं दात पडतात! टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो लावा. निम्मी चिडचिड इथंच संपेल.

दोन. ह्या छोट्या पेटीच्या हातातल्या बटणांची वायर जेमतेम अडीच फुटांची असते. पेटी टीव्हीजवळ ठेवली तर मुलं पडद्याला नाक लावून बसतात. पेटी पुढे स्टुलावर आणावी आणि टीव्हीपर्यंतची वायर भिंतीच्या कडेनं न्यावी, म्हणजे येताजाता कुणी अडखळणार नाही.

तीन. गेममध्ये पुढे गेल्यावर दहा आकड्यांचा सांकेतिक क्रमांक मिळतो. तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करता येते. ‘आत्ता बंद केलं तर सगळं वाया जाईल’ ही सबब मग उरत नाही.

चार. वेळेपेक्षा लढती मोजा. ‘अर्धा तास’ म्हटलं की नेमका अर्धा तास लढतीच्या मध्यावर संपतो. ‘तीन लढती, मग ताट वाढते’ असं म्हटलं की भांडण टळतं. झोपण्याच्या तोंडावर मात्र टायसन नको. डोळे मिटले तरी ठोसे दिसतात!

पाच. मागे उभं राहून शिकवू नये. विचारलं तरच सांगावं. आणि हरलेल्याला हसू नये, मग तो सात वर्षांचा असो की सत्तेचाळीसचा.

सहा, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. एकदा तुम्ही स्वतः खेळून बघा. ग्लास जोपासून सुरुवात करा, त्याला ९९ जणांनी हरवलंय, शंभरावं नाव तुमचं. दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत ‘सिलेक्ट’ बटण दाबलं, की मॅकचे गुरुजी डॉक त्याला धीर देतात आणि थोडी ताकद परत येते. एका लढतीत एकदाच बरं का, म्हणून जपून वापरा.

आणि रात्री नवरा बाल्ड बुलसमोर पुन्हा पडला, तर ओरडायचं नाही. शांतपणे एवढंच सांगायचं, ‘अहो, त्या प्रेक्षकांतल्या कॅमेऱ्याकडे लक्ष द्या.’ मग त्यांचा चेहरा बघा!